अनासक्ती म्हणजे बायकोकडे दुर्लक्ष नव्हे

तुम्ही विचारलंय, विपश्यना करणारा जोडीदार हळूहळू अलिप्त होत जातो का, आणि संसारात अनासक्ती बसवायची कशी.

होतो. निदान आमचा झाला होता.

आमच्या घरी बुद्ध १९५६ पासून आहे. आजोबा नागपूरला दीक्षेला होते. त्रिशरण-पंचशील मी बाराखडीच्या आधी शिकले. त्यामुळे नवरा इगतपुरीच्या विपश्यना शिबिराहून दहा दिवसांनी परतला आणि मलाच धम्म समजावू लागला, तेव्हा आधी हसूच आलं. मग एका संध्याकाळी त्याला म्हटलं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, मी पोरीला क्लासहून घेऊन येते. परतले तर जिन्यातच करपल्याचा वास. हा आतल्या खोलीत मांडी घालून, डोळे मिटून. मी ओरडले. तर शांतपणे म्हणतो, "राग आलाय ना, संवेदना कुठे जाणवते ते बघ."

म्हटलं, "कुकरच्या बुडाशी जाणवते. घास."

घासला, हेही सांगायला हवं. पण पुढची दोन वर्षं प्रत्येक भांडण 'अनित्य आहे' म्हटलं की मिटायचं. म्हणजे त्याचं मिटायचं.

शेवटी मीही जाऊन बसले. अधिष्ठानाच्या तासाला गुडघा पेटलेला आणि हलायचं नाही, तेव्हा कळलं की चौदा वर्षं मी त्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार ठेवत आलेय. आता ते जिभेवर येताना दिसतं, कधीकधी गिळताही येतं. संसाराला साधनेचा उपयोग एवढाच, पण थोडका नाही.

मात्र समता, म्हणजे सुखदुःखात मन ढळू न देणं, याचा अर्थ समोरच्याचं ऐकू न येणं, हे कुठून काढलं? ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडणाऱ्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला बुद्धाने डोळे मिटून बसायला नाही सांगितलं. पश्चिम दिशा म्हणजे बायको म्हणाला आणि नवऱ्याची पाच कामं मोजून दिली: तिला मान देणं, अवमान न करणं, प्रतारणा न करणं, घरचा कारभार तिच्या हाती देणं, दागिने करणं. (बायकोचीही पाच आहेत. मला पाठ आहेत.)

आणि हो, घरात मारहाण होत असेल तर मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, नंतर, आधी तिथून बाहेर पडा.

आमचा पहिल्या आणि तिसऱ्यात पास, दुसऱ्यात काठावर. गाडी चौथ्यावर अडलीये. बँकेचं पासबुक अजून त्याच्याच कपाटात आहे, आणि किल्ली मागितली की तो श्वासाकडे लक्ष देतो.