गाडी ताऱ्याला जुंपायची म्हणजे काय?

'हिच युअर वॅगन टू अ स्टार' (आपली गाडी ताऱ्याला जुंप) या इंग्रजी वाक्प्रचाराला मराठीत 'आकाशाला गवसणी घालणे' म्हणता येईल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते नाही. आभाळ दोन्हीकडे आहे, पण राबतो कोण, तिथेच फरक आहे.

गवसणी म्हणजे तंबोऱ्यावर घालतात ती कापडी खोळ. आकाशाला खोळ घालू पाहणारा सगळा खटाटोप स्वतःच करतो. एवढं कापड आणायचं कुठून? म्हणून या वाक्प्रचारात मुळात अशक्याचा पाठलाग आहे. आता तो बहुधा कौतुकाने वापरतात.

'हिच' म्हणजे जुंपणं. गाडी आपली आणि ओढणारा तारा! हे शब्द अमेरिकन विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सनच्या १८६२ सालच्या निबंधातले, आणि तिथे विषय चाललाय चक्क दळणाचा. समुद्रकाठच्या गिरणीत भरतीच्या पाण्यावर चाक फिरतं, धान्य दळलं जातं. भरती चंद्रामुळे येते, म्हणजे चंद्रच गडी म्हणून राबला. अशीच आपली गाडी ताऱ्याला जुंपावी आणि काम देवांकडून करून घ्यावं, असं तो म्हणतो. पुढे न्याय, प्रेम, स्वातंत्र्य, ज्ञान यांसाठी झटा, नुसत्या पोटापुरतं नको, असंही सांगतो. मला हा मूळ अर्थ फार मोलाचा वाटतो: आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीच्या ओढीत स्वतःला जोडून घेणं.

पुढे त्याचा 'ध्येय उंच ठेवा' एवढाच अर्थ उरला. शिवाय, ज्याची चलती आहे त्याच्या मागे लागून वर जाणं, असाही वापर रूढ झाला.

मी 'कास धरणे' सुचवेन. कास म्हणजे कासोटा. पोहता न येणाऱ्याने पट्टीच्या पोहणाऱ्याची कास धरून पैलतीर गाठायचा, ही जुनी प्रतिमा. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भवसागरातून भक्तांना तारून नेताना कृष्णाने एकट्यादुकट्याला 'ध्यानकासे', म्हणजे ध्यानाच्या कासेला, लावलं आहे. इथेही बळ दुसऱ्याचं आणि पार होणारे आपण. 'ज्ञानाची कास धर' यात इमर्सन आला आणि 'त्याने वेळीच साहेबांची कास धरली' यात आजचा वापरही. ताऱ्याची उंची तेवढी त्यात नाही. ती हवीच असेल, तर 'गाडी ताऱ्याला जुंप' असं सरळ लिहावं. 'जुंप' म्हटलं की बैलगाडी पाहिलेल्या कुणालाही पुढचं समजतं.