८० वॉटचा रिसीव्हर आणि दहा इंची अ‍ॅक्टिव्ह सबवूफर आहे. मोठा अ‍ॅम्प घ्यावा लागेल का? क्रॉसओव्हर दोन्हीकडे किती ठेवू?

अ‍ॅम्पवर पैसे घालू नका. सब, म्हणजे खालच्या बेसचा स्पीकर, अ‍ॅक्टिव्ह आहे; म्हणजे त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प आहे. रिसीव्हरकडून त्याला जातो तो नुसता सिग्नल. उलट खालचा बेस सबकडे गेला की रिसीव्हरचं ओझं कमीच होतं. दुकानदार १६० वॉटचा दाखवेल, पण वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. स्पीकर ४ ओहमचे असतील तर मात्र रिसीव्हरला ते चालतात का, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

खरी भानगड क्रॉसओव्हरची, म्हणजे किती हर्ट्झखालचा आवाज सबकडे पाठवायचा त्या सीमेची. ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आल्यावर मीही हीच जोडणी केली होती. रिसीव्हरवर ८० हर्ट्झ ठेवलं आणि सारखं असलेलं बरं म्हणून सबच्या मागचा नॉबही ८० वर आणला. तबल्याची चाट खणखणीत, डग्गा मात्र खोक्यावर थाप मारल्यासारखा! दोन महिने मी अ‍ॅम्पला शिव्या घातल्या. झालं होतं एवढंच, की एकच आवाज दोन गाळण्यांतून जात होता. सब ८० च्या आधीच गळपटायचा, फेजही (सब आणि स्पीकरच्या लहरींचा मेळ) सरकायची, आणि नेमक्या जोडावर खड्डा पडायचा. सबचा नॉब शेवटपर्यंत वर नेला आणि गाळायचं काम एकट्या रिसीव्हरवर सोडलं, तेव्हा डग्गा घुमला. तुमच्या सबला 'एलएफई' इनपुट (सबची स्वतःची गाळणी टाळणारं) असेल तर केबल तिथेच लावा.

रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर 'स्मॉल' करा, म्हणजे त्यांचा खालचा बेस सबकडे जातो; त्यात कमीपणा काही नाही. पाच-साडेपाच इंची बुकशेल्फ (छोट्या, शेल्फवर मावणाऱ्या) स्पीकरना ८० बरोबर. अगदी चिमुकले असतील तर १०० ते १२०, पण मग सब कुठल्या कोपऱ्यात आहे ते कानाला कळू लागतं.

फेजसाठी ८० हर्ट्झचा टोन लावून नेहमीच्या जागी बसा आणि घरातल्या कुणाला तरी सबवरचा फेजचा स्विच ० आणि १८० करायला सांगा. जास्त भरीव वाटेल तो ठेवा.

एवढं करूनही एखादाच सूर घों-घों करत असेल तर तो खोलीचा. बारा फुटी हॉल ४७ हर्ट्झच्या आसपास घुमतोच. सब तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत जा. जिथे बेस सपाट, स्वच्छ लागेल तिथे सब. माझ्या घरात ती जागा चपलांच्या कपाटाशेजारी निघाली. बायकोला अजून पटलेलं नाही.