वर्कहाउसातले खापरपणजोबा

प्रश्न : आमचे जावई लंडनचे. त्यांचे खापरपणजोबा गोदीत हमाल होते, 1880च्या सुमारास वर्कहाउसात, म्हणजे तिथल्या गरीबखान्यात वारले, एवढंच घरात ठाऊक. दादरला बसून आणखी काही सापडेल का?
– एक आजी, दादर

उत्तर : सापडेल, आजी. गरिबाचे कागद कधीकधी सावकारापेक्षा जास्त बोलतात, कारण मदत मागणाऱ्याला तिथे खोदून खोदून विचारत. आधी मृत्यूचा दाखला. इंग्लंड-वेल्समध्ये ही नोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे. वय, धंदा, मृत्यूचं कारण, सगळं मिळतं. मग जनगणना. 1851 पासून जन्मगावही आहे. 1841ची वयं मात्र जपून वाचा, मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत.

खरा ऐवज ‘सेटलमेंट’च्या जबानीत. या माणसाला पोसायचं कुठल्या भागाने, हे ठरवायला त्याच्याकडून जन्म, लग्न, नोकऱ्या, घरभाडं सगळं वदवून घेत. खाली बरेचदा सहीऐवजी नुसती फुली. वर्कहाउसात नवरा, बायको, मुलं वेगवेगळी ठेवत, तेव्हा प्रत्येकाचं नाव स्वतंत्र शोधा. लंडनच्या बऱ्याच नोंदवह्या ‘द लंडन अर्काइव्ह्ज’ या तिथल्या दप्तरखान्याकडे आहेत. दाखला ऑनलाइन मागवता येतो. फी जावईबापूंनाच भरू द्या.