मूठ उघडत नाही, आणि डॉक्टर म्हणतात ‘बघू’

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. ३३व्या आठवड्यातच झाली, वजन १ किलो ६५० ग्रॅम. १९ दिवस पेटीत होती. घरी सोडताना डोक्याची सोनोग्राफी नॉर्मल सांगितली. दूध नीट पिते, मला बघून हसते. पण मान अजून डुगडुगते आणि डावी मूठ सारखी आवळलेली असते. जाऊबाईंचा मुलगा तिच्याच आठवड्यात जन्मलेला, तो पालथा पडायला लागला. डॉक्टर म्हणतात, महिनाभर बघू. सासूबाई म्हणतात, हिच्या बापानंही मान उशिराच धरली होती; त्या मधात गुटी उगाळून देतात. मी रात्री मोबाईलवर शोधत बसते, दर वेळी एकाच आजाराचं नाव येतं. खरं काय असेल?
— एक आई, करमाळा

उत्तर : आधी जाऊबाईंच्या मुलाचा हिशेब मिटवू. तो पूर्ण दिवसांचा असेल, तर ही दोघं एका वयाची नाहीतच. ४० आठवड्यांतून ३३ गेले, उरले सात. तेवढे तुझ्या मुलीच्या वयातून वजा कर. ती आज जेमतेम चार महिन्यांची आहे. दोन वर्षांची होईपर्यंत तिची प्रगती याच वयानं मोजायची. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात वजाबाकी नाही.) चार महिन्यांच्या बाळाची मान थोडी डुगडुगली, तर मीही म्हणेन, बघू.

मुठीचं तसं नाही. वय वजा केलं म्हणून एकच बाजू मागे राहण्याचा खुलासा होत नाही. तीन-चार महिन्यांत दोन्ही मुठी सैल व्हायला लागतात. एक हात पुढे आणि दुसरा आवळलेला, हे मला आवडत नाही. घरात कोणी ‘उजव्या हाताची आहे हो’ म्हणून कौतुक करेल, पण वर्षाच्या आतलं मूल डावं-उजवं ठरवत नसतं. सोनोग्राफी नॉर्मल आली हे चांगलंच, पण तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

तू लिहिलं नाहीस, पण मोबाईलवर येणारं ते नाव सेरेब्रल पाल्सीच असणार, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा न राहणं. मी मुलांची फिजिओथेरपिस्ट. निदान करणं माझं काम नाही, आणि पत्रावरून तर कोणीच करू नये. शिवाय एवढ्या लहान वयात डॉक्टरही नाव द्यायला कचरतात, कधी कधी वर्ष जातं. व्यायामाला मात्र नाव लागत नाही. तो आजपासून करायचा.

मूठ उघडायला अंगठा ओढू नकोस. मनगट किंचित खाली वाकव आणि हाताच्या पाठीवर करंगळीच्या कडेनं बोट फिरव. बोटं आपसूक सैल होतात. मग त्या तळव्यात तुझं बोट दे. खुळखुळा, आवाज, तुझा चेहरा, सगळं डावीकडून येऊ दे. माझ्या टेबलावर खेळण्यांची टोपली आहे, पण पोरांना हवा असतो स्टीलचा चमचा. तो डावीकडे चमकव आणि हात हलतो का बघ. मानेसाठी, अंघोळीआधी तू जरा मागे रेलून बस आणि तिला छातीवर पालथी घे. दोन-तीन मिनिटं, पण दिवसातून पाच-सहा वेळा. झोपवताना उताणीच. वॉकर कोणी आहेरात दिला, तर माळ्यावर टाक.

मध आजच बंद. वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझम नावाचा घातक आजार होऊ शकतो. सासूबाईंना माझं नाव सांग, वाईटपणा मी घेते.

महिनाभर थांबू नकोस. जिल्हा रुग्णालयात बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. पैसे लागत नाहीत. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक तिथली चिठ्ठी देतं, आशाताईंना विचार. तिथे डोकं टेपनं मोजून घे आणि दोन गोष्टी मुद्दाम विचार : पेटीत राहिलेल्या बाळाची बेरा नावाची कानाची तपासणी झाली का, आणि डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आसपास पाहिला होता का? पत्रात या दोन्हींचा उल्लेख नाही, त्याची मला मुठीइतकीच चिंता वाटते.

आधीच्या डॉक्टरांना वाईट वाटेल, ही भीती सोड. अंघोळीनंतर ती हातपाय झाडते, तेव्हाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ने. तपासताना पोरं रडतात नाही तर झोपतात, मग मूठ कोणाला दिसणार? आणि झोपेतून उठल्यावर ती दचकल्यासारखी पुढे वाकून हात वर टाकते, पुन्हा पुन्हा, ओळीनं, असं कधी दिसलं, तर पोटदुखी समजून ओवा चोळत बसू नकोस, ते झटके असू शकतात. व्हिडिओ घे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ.

जाताना पेटीतल्या दिवसांची डिस्चार्जची फाईल ने. कपाटात साड्यांखाली असेल. बहुतेक आया ती तिथेच ठेवतात, पुन्हा दिसू नये म्हणून.