पेटीतली स्लिप आधी काढा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ४७, यजमानांचं ५१. ते एमआयडीसीतल्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात, ५८ ला निवृत्ती. मुलगी इंजिनिअरिंगला, मुलगा नववीत, घराचे हप्ते अजून सहा वर्षं. पुढं काय, हा विषय काढला की हे म्हणतात, "अजून सात वर्षं आहेत," आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. मागच्या महिन्यात मी मोबाइलवर हिशेब केला तर दोन कोटी लागतील असं आलं. जेवताना यांना दाखवलं, तर ताटावरून उठून गेले. मी कधी स्वतःसाठी साडीसुद्धा मागितली नाही, मला फक्त म्हातारपणाची काळजी आहे. लग्नाआधीपासून मी पिंपरीच्या एका कंपनीत अकाउंट्सला होते, जून २००२ ते जानेवारी २०१२. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सोडली. तिथला पीएफ काढायचा राहूनच गेला, स्लिप आईकडं पेटीत असेल. असो. तर यांना बोलतं कसं करू?
– चिंतातुर, कराड

उत्तर : अहो बाई, "असो" म्हणून ज्या ओळीवरून तुम्ही पुढं निघून गेलात, मी तिथंच अडकले आहे. नऊ वर्षं आठ महिने नोकरी, तीही अकाउंट्सला. कंपनीचे पै-पैचे हिशेब जुळवले असतील, आणि स्वतःचा पीएफ चौदा वर्षं पेटीत? साडी मागितली नाही याचं कौतुक माझ्याकडून होणार नाही. स्वतःच्या कष्टाचे पैसे मागितले असतेत तर केलं असतं.

यजमानांना बोलतं करायची किल्लीही त्याच पेटीत आहे. पण आधी पेटीत काय आहे ते समजून घ्या. तुमच्या पगारातून १२ टक्के कापले जायचे, तेवढेच कंपनी घालायची. कंपनीच्या त्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ पेन्शन योजनेत जायचे, बाकीचे तुमच्या खात्यात. म्हणजे तुमच्या नावावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोकरी सोडलेल्या बहुतेक बायका त्यातली एकच धरून चालतात.

पहिली, पीएफची शिल्लक. ती बुडालेली नाही. २०११ पासून नियम असा होता की ३६ महिने भरणा नसला की व्याज बंद. तुमचं २०१५ च्या सुरुवातीला थांबलं असेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो नियम बदलला आणि तुमच्यासारख्या खात्यांना पुन्हा व्याज लागू झालं. अलीकडं ते सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास आहे. शेवटच्या स्लिपवर जो आकडा असेल, त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम आज असायला हवी. नोकरी सोडल्यानंतरचं व्याज मात्र करपात्र धरलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरी, पेन्शन. तुम्ही म्हणाल, दहा वर्षं कुठं झाली? पेन्शन योजनेत सहा महिने किंवा त्याहून मोठा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. तुमची नऊ वर्षं आठ महिने म्हणजे दहा. आणि दहा भरली की ५८ नंतर तहहयात पेन्शन. पेन्शनसाठी जास्तीत जास्त किती पगार धरायचा याची मर्यादा तेव्हा ६,५०० रुपये होती, त्यामुळं सूत्र असं : ६,५०० गुणिले १०, भागिले ७०. महिन्याला ९२८ रुपये येतात. २०१४ पासून किमान पेन्शन १,००० आहे. हसू नका. गॅसचं एक सिलिंडर त्यात येतं, आणि ते तुमच्या नावावर येतं.

आता गोची कुठं होते ते सांगते, कारण या पेन्शनीत तुमच्या हाताशी फक्त दोन महिने जास्तीचे आहेत. नऊ वर्षं सहा महिन्यांच्या खाली गेलात की दहा धरत नाहीत. पुष्कळ कंपन्या पहिले काही महिने ट्रेनी म्हणून घ्यायच्या आणि पीएफ नंतर सुरू करायच्या. तेव्हा नेमणूकपत्रावरची तारीख बघून खूश होऊ नका, पीएफचं सभासदत्व कधीपासून आहे ते बघा. पहिल्या बाळंतपणात बिनपगारी रजा घेतली होतीत का? ते दिवसही सेवेतून वजा होतात. सेवा कमी भरलीच, तर पेन्शनचे पैसे काढून घ्यायची घाई करू नका. फॉर्म १०सी भरून योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेऊन ठेवा. पुढं कधी पीएफ कापणारी नोकरी केलीत तर ते महिने त्यात मिळवता येतात. दहा भरली असतील तरी फॉर्म तोच, प्रमाणपत्र तेच. पेन्शन मागायचा फॉर्म १०डी, तो ५८ ला. ५० नंतर आधीही मागता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागं चार टक्के कापतात.

दुसरी गोची नावाची. तुम्ही लग्नाआधी लागलात, म्हणजे खातं माहेरच्या नावानं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं असेल, तर आधारवरची बाई आणि स्लिपवरची बाई यांची नाव-आडनाव दोन्हीकडून ओळख नाही. संगणक ती आपणहून करून देणार नाही. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्राची प्रत लागू शकते. दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्रावर जुन्या कंपनीची सही लागते. कंपनी बंद पडली असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्यांच्या साक्षांकनावर काम होतं. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं कळवलीच नाही, हाही नेहमीचा घोळ. म्हणून कार्यमुक्तीचं पत्र शोधा. आणि खातं सुरू झालं की वारस नव्यानं नोंदवा. लग्नाआधी आईचं नाव घातलं असेल तर ते आता चालणार नाही.

यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, २०१४ मध्ये आला, तुम्ही त्याआधीच बाहेर पडलात, त्यामुळं तुम्हाला तो नसणार. 'एमएच'नं सुरू होणारा जुना पीएफ क्रमांक स्लिपवर असतो, सगळं त्यावरून निघतं. स्लिप, नेमणूकपत्र, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक घेऊन पीएफ कार्यालयाच्या जिल्हा शिबिरात जा. ते दर महिन्याच्या २७ तारखेला भरतं, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. दारात टक्केवारीवर काम करून देणारे भेटतील, त्यांना एक रुपया देऊ नका. या कामाला फी नाही.

आता यजमान. जेवणाऱ्या माणसाच्या ताटाशेजारी दोन कोटी ठेवलेत. मुलीची फी, घराचा हप्ता आणि मुलाची दहावी डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला त्यात ठपका ऐकू आला, म्हणून तो उठला. त्यातून तो आकडाही कच्चा. घराचे हप्ते सहा वर्षांत संपतात आणि निवृत्ती सात वर्षांनी, म्हणजे शेवटचं वर्ष हप्त्याची सगळी रक्कम मोकळी. तुमच्या मोबाइलनं तो हप्ता आणि मुलांच्या फिया म्हातारपणापर्यंत वाढवत नेल्या असणार. अकाउंट्सच्या बाईनं हे बघायला नको होतं?

तेव्हा त्यांना जाब विचारणं बंद, मदत मागा. त्यांचा यूएएन आहे, केवायसी त्यांनी करून घेतली असणार, पासबुक त्यांच्या मोबाइलवर दिसतं. या विषयातले जाणकार घरात तेच आहेत, आणि आजवर त्यांना कुणी तसं म्हटलेलं नाही. रविवारी चहाच्या वेळी एवढंच म्हणा : "अहो, माझा जुना पीएफ शोधायचाय. स्लिपवर माहेरचं नाव आहे, आधारवर इथलं. तुमचं कसं केलं होतंत, दाखवता का?" वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. दोन कोटी, सात वर्षं आणि शेजारच्यांनी घेतलेला फ्लॅट, हे तीन विषय त्या वीस मिनिटांत काढायचे नाहीत.

दाखवता दाखवता ते स्वतःचं पासबुक उघडतील. उघडलंच, तर शिल्लक विचारू नका. वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेवढं विचारा. काही रविवारांनी पेन्शनचा विषय त्यांच्याकडूनच येईल, कारण तुमचे ९२८ मोजताना ते स्वतःचेही मोजतील. निम्मा पगार पेन्शन मिळेल अशी कारखान्यातल्या अनेकांची समजूत असते. १५,००० च्या मर्यादेत ३५ वर्षं भरली तरी सूत्र ७,५०० च्या आसपास थांबतं. हे तुम्ही सांगितलंत तर भांडण होईल, त्यांनी मोजलं तर ते वही मागतील. त्या वहीत घरखर्च हप्ता आणि फी वगळून लिहा. तो आज ४०,००० असेल, तर सहा टक्के महागाईनं सात वर्षांनी ६०,००० होतो. पुढचं गणित तुम्हा दोघांचं, त्याला माझी गरज नाही.

आजच आईला फोन करा आणि पेटी उघडायला सांगा. स्लिप सापडली की फोटो मागवू नका, स्वतः जाऊन आणा, नेमणूकपत्रही तिथंच कुठंतरी असेल. रविवारी ती चहाच्या कपाशेजारी ठेवा. टीव्ही चालू असला तर असू द्या.