‘मनिला हेम्प’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: फिलिपिन्समधल्या हातविणकामावरचा लेख मराठीत आणताना ‘मनिला हेम्प’साठी ‘मनिला ताग’ आणि ‘पाइनॅपल सिल्क’साठी ‘अननसाचं रेशीम’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही नकोत.

मनिला हेम्प म्हणजे ताग नव्हे, अंबाडी नव्हे आणि खरं तर हेम्पही नव्हे. ती केळीच्या कुळातली वनस्पती. दिसते आपल्या केळीसारखीच, पण फळं बियांनी भरलेली, खायच्या कामाची नाहीत. लांब धागा दिसला की त्याला हेम्प म्हणून मोकळं व्हायचं, ही इंग्रजीची जुनी खोड; आपण हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो तागही तिथे ‘सन हेम्प’ होतो. माल मनिला बंदरातून जायचा म्हणून नाव मनिला. खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे जहाजांचे दोर याचे वळत. तिथली माणसं तिला अबाका म्हणतात, आपणही तेच लिहावं.

ताग म्हटलं की पाण्यात कुजवून सोललेली साल डोळ्यांपुढे येते. अबाकाचं खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेली सोपटं. त्यांच्या पट्ट्या सुरीखाली दाबून ओढल्या की गर खरवडून निघतो आणि हाती राहतो तो वाख. घायपाताचा वाख आपण म्हणतोच, मग अबाकाचा वाख म्हणायला काय हरकत आहे? ‘नैसर्गिक तंतू’ सरकारी पत्रकासाठी राहू द्या.

क्रियापदंही जपून वापरा. मिंदानाओ बेटावर लेक सेबूच्या परिसरात त्बोली जमातीच्या बायका त्नालाक नावाचं कापड विणतात. (नक्षी स्वप्नात दिसते असं त्या मानतात. त्यांच्यातल्या लांग दुलाय यांना १९९८ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला.) या कामात ‘सूत कातणं’ कुठेच नाही, वाखाची टोकं गाठी मारून जोडत जातात. मग उभे धागे नक्षीप्रमाणे जागोजागी बांधून रंगवतात आणि नंतर मागावर चढवतात. म्हणून ‘बांधणी’ लिहू नका, तिथे विणून झालेलं कापड बांधतात, हे ‘इकत’. शेवटी कवडीने घासून चकाकी आणतात, त्याला आपला ‘घोटणं’ चपखल बसतो.

आता अननस. आक्लान प्रांतात, विशेषतः कालिबोला, अननसाच्या पानांपासून पिन्या नावाचं तलम कापड विणतात. २०२३ मध्ये युनेस्कोने या विणकामाची वारसा म्हणून नोंद केली. पान खरवडायला तिथे फुटक्या चिनी मातीच्या बशीची कड वापरतात. रेशमाचा किडा यात कुठेही नाही. शिवाय पिन्यात खरं रेशीम, म्हणजे तिथलं ‘सेदा’, मिसळून विणलेलं ‘पिन्या-सेदा’ हे वेगळंच कापड आहे. पिन्याला ‘अननसाचं रेशीम’ म्हणून बसलात, तर लेखात पुढे सेदा आल्यावर अडकाल.