लॉस एंजेलिसला विनोदी लेखक म्हणून यायचंय? आधी घरून कॉमिक लिहा

तुम्ही मराठी वाहिनीवर स्किट लिहिता, एका चित्रपटाचे संवाद नावावर आहेत, आणि 'लॉस एंजेलिसला जाऊन पडेल ते काम धरतो, मग सिटकॉमच्या रायटर्स रूममध्ये, म्हणजे मालिकेचे लेखक एकत्र बसून भाग लिहितात त्या खोलीत, शिरतो' असा बेत कळवलात. हा बेत सोडा.

इथली शिडी अशी: आधी पडेल ते काम करणारा प्रॉडक्शन असिस्टंट, मग रूममध्ये बोललेलं सगळं टिपणारा रायटर्स असिस्टंट, मग स्क्रिप्टच्या आवृत्त्या सांभाळणारा स्क्रिप्ट कोऑर्डिनेटर, आणि त्यानंतर पगारी लेखक म्हणजे स्टाफ रायटर. पहिल्या तीन पायऱ्या तुम्हाला बंदच धरा. असल्या जागेसाठी कंपनी व्हिसाच्या भानगडीत पडत नाही, आणि असामान्य कामगिरीसाठीचा ओ-१ व्हिसा सगळ्यांचं जेवण आणणाऱ्या पोऱ्याला मिळत नाही. म्हणजे यायचं तर नाव कमावूनच.

ओ-१ चा अर्ज स्वतःच्या नावाने स्वतः करता येत नाही. अमेरिकेतला मालक किंवा एजंट तो भरतो. टीव्ही-सिनेमाच्या कामासाठी लेखकांच्या संघटनेचं आणि निर्मात्यांच्या संस्थेचं, असे दोन लेखी अभिप्राय लागतात. पहिल्यांदा जास्तीत जास्त ३ वर्षं मिळतात. जोडीदाराला ओ-३ या कुटुंबीयांच्या व्हिसावर राहता येतं, कमावता येत नाही. घरखर्चाचं गणित एकाच पगारावर मांडा.

फाइल बहुतेकदा अडते ती कागदांवर. आपल्याकडे निम्मी कामं तोंडी ठरतात. म्हणून निर्मितीसंस्थेकडून लेटरहेडवर भागांची संख्या, तारखा आणि तुमचं नेमकं काम लिहून घ्या, तेही संबंध गोड असतानाच. श्रेयनामावलीचे स्क्रीनशॉट आणि मानधनाच्या नोंदी जोडा. मराठी कात्रणांचा पूर्ण इंग्रजी अनुवाद आणि अनुवादकाचं सही केलेलं प्रमाणपत्र लागतं. सारांश चालत नाही.

नमुना म्हणून स्किट पाठवू नका. स्वतःचा अर्ध्या तासाचा पायलट, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागाची स्क्रिप्ट, हवा. सिंगल कॅमेऱ्याचा (सिनेमासारखा चित्रित होणारा) असेल तर साधारण ३० ते ३५ पानं. मल्टिकॅमेऱ्यात (स्टेजसारख्या सेटवर एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होणाऱ्या मालिकेत) संवाद दुप्पट अंतराने टाइप होतात, त्यामुळे तेवढाच मजकूर ४५ पानांवर जातो.

पैशांचंही ऐका. एजंट १० टक्के घेतो, मॅनेजर बहुधा तेवढेच, वकील ५. कर कापण्याआधीच चौथा हिस्सा गेला. वाचायचेच पैसे मागणाऱ्या एजंटला दारातूनच नमस्कार करा. रायटर्स गिल्ड वेस्ट या लेखकांच्या संघटनेचं पूर्ण सदस्यत्व ३ वर्षांत २४ युनिट्स (लेखनकामाप्रमाणे मिळणारे गुण) जमल्यावर मिळतं, प्रवेशशुल्क २,५०० डॉलर. अॅनिमेशनचं बरंच काम मात्र अॅनिमेशन गिल्ड या वेगळ्या संघटनेकडे जातं, आणि तिथे रेसिड्युअल्स (पुनर्प्रक्षेपणाचं मानधन) लेखकाच्या खिशात येत नाहीत.

कॉमिक मात्र पुण्यात बसून लिहिता येतं, व्हिसा लागत नाही. मार्व्हल आणि डीसी हे बडे अमेरिकी प्रकाशक न मागवलेली स्क्रिप्ट वाचत नाहीत. इमेज कॉमिक्स ही प्रकाशन कंपनी वाचते, पण नुसती स्क्रिप्ट नव्हे: कथासार आणि लेटरिंगसकट (फुग्यांतल्या अक्षरांसकट) पूर्ण झालेली किमान ५ पानं. हक्क तुमचेच राहतात. आगाऊ मानधन नसतं, कंपनी विक्रीतून ठरावीक रक्कम कापते, म्हणून चित्रकाराचे पैसे तुमच्या खिशातून जाणार हे धरून चाला.

स्किटवाल्यांची कॉमिकमध्ये दोनच ठिकाणी गोची होते. एक, चौकटीत संवाद कोंबणं. २५ शब्दांपुढे गेलात तर संवादाचा फुगा चित्र गिळतो. दुसरं, 'तो उठतो, दार उघडतो आणि किंचाळतो' असं एका चौकटीत लिहिणं. चित्रकार यातलं एकच काढू शकतो; त्या तीन चौकटी आहेत. अंकात साधारण २० पानं, पानावर पाचेक चौकटी. दारामागे कोण आहे ते सम क्रमांकाच्या पानावर दाखवा, कारण पान उलटल्यावर नजर आधी तिथे पडते. विषम पानावर ठेवलंत तर समोरच्या पानाच्या कडेने वाचकाला ते आधीच दिसतं आणि हशा गेला.

छापील अंक आणि त्यावरची परीक्षणं पुढे व्हिसाच्या फाइलमध्ये लावता येतात. मधल्या काळात भेटीगाठींसाठी बी-१ या व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर येऊन जा, मात्र त्या मुक्कामात पैसे घेऊन कुणाचं एक पानही लिहू नका.